सूनबाईंचा डिफेन्स

९ नोव्हेंबर

बारामतीहून आत्ताच आलो. दवाखान्यातल्या बाईंनी माझ्या उजव्या खांद्याच्या दुखण्याचं नाव सांगितलं. फ्रोझन शोल्डर, म्हणजे गोठलेला खांदा. आमच्या वरकुट्याच्या उन्हात चपलेचं रबर वितळतं आणि माझा खांदा तेवढा गोठला!

बाईंचं नाव परवीन. वयानं माझ्या सुनेपेक्षा लहान, पण व्यायामाच्या डॉक्टर आहेत म्हणे. त्यांनी सांगितलेले व्यायाम असे. एक, वाकून उभं राहायचं आणि हात मेल्यासारखा लोंबता सोडून हलवायचा. दोन, दाराला कप्पी लावून दोरी ओढायची, म्हणजे चांगल्या हातानं दुखरा हात वर जातो. तीन, भिंतीवर बोटांनी रोज थोडं थोडं वर चढायचं. मी विचारलं, "बाई, भिंतीवर चढायला मी काय पाल हाय का?" त्या हसल्या. सोनम, म्हणजे माझी सून, बरोबर होती, तीही हसली. मी हसलो नाही.

"आबा, आता केलं नाहीत तर हा हात पुढंही वर जाणार नाही," बाई म्हणाल्या.

येताना एसटीला ही गर्दी. दाराजवळची सीट मिळाली, डोक्यावरच बेलची दोरी. कंडक्टर पोरगा मागं अडकलेला. त्यानं मला ओळखलं आणि ओरडला, "ओ मास्तर, डबल द्या की!" मी बत्तीस वर्षं बारामती डेपोत कंडक्टरकी केली. झोपेत कुणी डबल म्हटलं, म्हणजे गाडी सोडायचे बेलचे दोन टोले मागितले, तरी हात वर जायचा. आज हात निघाला आणि छातीपाशी थांबला. पुढं जाईचना. डावा हात उचलेपर्यंत एका कॉलेजच्या पोरीनं उठून दोरी ओढली. टण टण. गाडी सुटली. सोनम खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर बायकोनं, द्वारकानं, माझा सदरा काढून दिला, लहान पोराचा काढतात तसा. मला फार वाईट वाटलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितो.

१० नोव्हेंबर

व्यायाम करणार नाही. ठरलं. द्वारका म्हणाली, "मग काय करणार?" म्हटलं, आपोआप बरा होईल. आला तसा जाईल. ती म्हणाली, "गेल्या वर्सी पाव्हणा आला हुता तुमचा, त्योबी असाच जाईल म्हणला हुतात." या बाईपुढं बोलण्यात कुणाचा निभाव लागलाय?

१५ नोव्हेंबर

आज एक नवलच झालं. सोनम शेळगावच्या शाळेत मास्तरीण आहे. जानेवारीत शिक्षकांच्या क्रीडास्पर्धा बारामतीला असतात, त्यात बायकांचं क्रिकेटही असतं. गेल्या वर्षी इंदापूर तालुक्याच्या टीममध्ये ती होती. पहिल्याच बॉलला त्रिफळा. बॉल सुटला आणि ही बाई स्टंप उघडे टाकून बाजूला पळाली, म्हैस उधळून अंगावर आल्यासारखी. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो साऱ्या तालुक्याच्या मास्तरांनी बघितला. यंदाही तिचं नाव टीममध्ये आहे, पण सगळ्यात शेवटी.

चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आबा, मला डिफेन्स शिकवा. मला मारायचं न्हाय. मला नुसतं उभं ऱ्हायचंय."

माझा चहा कपातच राहिला. सिक्स कसा मारायचा हे विचारणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. उभं कसं राहायचं, हे मला आजवर एकानंही विचारलं नव्हतं. मी वरकुट्याचा ओपनर होतो. लोक मला टुकटुक सर्जेराव म्हणायचे. एका बाजूनं माझा दोस्त इब्राहिम हाणायचा, दुसऱ्या बाजूनं मी बॉल थोपवायचो. शेळगावचे बॉलर वैतागून मला तंबाखू द्यायला यायचे, की बाबा खा आणि आऊट हो.

म्हटलं, "शिकवीन, पण माझा हात कुठं चालतोय? बॉल कोण टाकणार?" माझा मुलगा ऋषिराज, म्हणजे तिचा नवरा, कंपनीत शिफ्टला जातो, त्याचा काही नेम नाही.

"तुमीच टाका. वाकून, हात लोंबता सोडून, नुसता घरंगळत सोडा. सुरवातीला मला तेवढंच पुरं हाय."

समंजस पोरगी. आपली पायरी ओळखून आहे. उद्यापासून सकाळी शाळेआधी.

१६ नोव्हेंबर

पालथ्या घड्यावर पाणी. घरंगळत आलेल्या बॉललाही ती पाय मागं घेते.

२१ नोव्हेंबर

आज हातांचा धडा. ती खालच्या हातानं बॅट ढकलते, म्हणून बॉल हवेत उडतो. मी सांगितलं, "ही बॅट म्हणजे एसटी समज. वरचा हात ड्रायव्हर, खालचा हात कंडक्टर. कंडक्टरनं गाडी चालवायची न्हाय. त्यानं नुसतं संगं ऱ्हायचं." तिला एका दमात कळलं. खालचा हात सैल ठेवला आणि बॉल तिच्या पायाशीच मेला. डिफेन्समध्ये बॉल असाच मेला पाहिजे. लांब गेला तर झेल होतो.

ती पुन्हा पुन्हा म्हणते, "आबा, हात अजून जरा मागं नेऊन सोडा, म्हणजे बॉल सरळ येतो." हे काही पटत नाही, पण शिकणाऱ्याचा हुरूप मोडू नये. नेतो मागं.

२७ नोव्हेंबर

मी एक शोध लावला आहे. डिफेन्सला सगळ्यात चांगली प्रॅक्टिस म्हणजे टांगलेला बॉल. पण एकाच उंचीवर टांगला तर काय उपयोग? बॉल कधी गुडघ्याला येतो, कधी बरगडीला. सोनम म्हणाली, "मग वरखाली करता आला तर?" तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं: कप्पी! आडावरची जुनी कप्पी नेमकी ओसरीतच पडलेली होती. एरवी ती माळ्यावर असते. लिंबाच्या फांदीला ऋषिराजनं ती बांधली, त्याच्या जुन्या मोज्यात बॉल घातला, दोरीचं एक टोक बॉलला आणि एक माझ्या हाती. मी दोरी ओढली की बॉल वर, सोडली की खाली.

सोनमची अट एवढीच, की दोरी दोन्ही हातांनी धरायची. "डावा ओढंल, उजवा नुसता संगं जाईल. एका हातानं बॉल लई हिंदकळतो." बरोबर आहे तिचं. शिकवणाऱ्यानंही शिकणाऱ्याचं ऐकावं.

३० नोव्हेंबर

इब्राहिम आला होता. इंदापुरात त्याचं ताडपत्रीचं दुकान आहे, आता पोरगा बघतो. लिंबाखाली बसून त्यानं प्रॅक्टिस बघितली. मी दोरी वरखाली करतोय, सोनम बॅट सरळ धरून बॉल थोपवतेय. मग त्यानं विचारलं, "सर्ज्या, ही कप्पीची आयडिया कुणाची रं?"

"माझी."

"आन् कप्पी माळ्यावरनं कुणी काढली?"

"काढली असंल कुणीतरी."

तो सोनमकडं बघून हसायला लागला. चहा नाकात गेला तरी हसतच होता. द्वारकाही पदर तोंडाला लावून आत पळाली. म्हातारपणी माणूस कशालाही हसतो. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझा डिफेन्स तोडणारी एकच बॉलर निघाली बघ आयुष्यात." मी म्हटलं, ती बॉलर नाही, बॅट्समन आहे. त्यावर त्याला पुन्हा ठसका लागला.

६ डिसेंबर

बॉल किती उसळला तर पाय पुढं आणि किती उसळला तर मागं, हा आता विषय आहे. सोनम बॉल जमिनीवर आपटते, तो गोठ्याच्या भिंतीला जिथं लागेल तिथं मी खडूनं खूण करायची. उजव्याच हातानं, कारण डाव्या हातानं माझी रेघ वाकडी येते, असं तिचं म्हणणं. पहिल्या दिवशी खुणा कमरेच्या आसपास होत्या. आता ती जोरात आपटते, त्यामुळं खुणा वर वर चालल्यात. आजची हनुवटीच्या बरोबरीला आली. पोचायला जरा कळ येते, पण खूण अर्धवट करून कसं चालेल?

ती रोज त्या खुणांचा फोटो काढून कुणालातरी पाठवते. तिच्या कॅप्टनबाईंना असेल. मेहनत वरिष्ठांना दिसली पाहिजे, हे नोकरीत मीही शिकलो होतो.

९ डिसेंबर

महिना झाला म्हणून दवाखान्यात नेलं. मी आधीच सांगून टाकलं, "बाई, खोटं बोलणार न्हाय. तुमचा एकबी व्यायाम केलेला न्हाय."

परवीनबाईंनी हात धरून वर नेला, पट्टीनं कोन मोजला आणि म्हणाल्या, "आबा, खूपच सुधारणा आहे."

बघा! मी म्हणतच होतो. निसर्ग आपलं काम करतो. दारावर कप्पी बांधून बसलो असतो तर फुकट वेळ गेला असता आणि सोनमची प्रॅक्टिस बुडाली असती. निघताना बाईंनी विचारलं, "सूनबाईंचा डिफेन्स कसा चाललाय?" यांना कसं कळलं? बारामतीत कुठलीही बातमी राहत नाही. त्यांनी एवढंच बजावलं, की अजून हात डोक्यावरून फिरवून काही फेकू नका. म्हटलं, मी कशाला फेकतोय.

१४ डिसेंबर

फेकला.

चूक माझीच. शेजारची पोरं बघायला जमली होती. त्यातल्या एकानं विचारलं, "आबा, तुमाला वरून टाकता येत न्हाय व्हय?" घेतला बॉल आणि हात डोक्यावरून फिरवून टाकला. बॉल स्टंपवर गेला, हे नमूद करतो. त्यानंतर खांद्यात जी कळ गेली ती पार बोटांपर्यंत. डोळ्यांपुढं अंधारी आली. सोनम बॅट टाकून धावत आली आणि मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो, "तुझ्या नादानं माझा हात गेला. नाचता येईना, अंगण वाकडं! ज्याला पळायचंय त्यो पळणारच. शिकवून काय उपेग?"

ती आत पळाली. बर्फ आणला, फडक्यात बांधून दिला आणि फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

१५ डिसेंबर

हात पुन्हा छातीपाशी. सदरा द्वारकानं घातला. मला भीती वाटतेय. मरणाची नाही वाटत. पुढची सगळी वर्षं कुणीतरी मला कपडे घालावेत आणि मी भिंतीकडं बघत उभं राहावं, याची वाटते. मला नाही जमणार तसं जगायला.

सोनमशी बोललो नाही. ती बोलायला आली होती. मी पेपर वाचत असल्याचं दाखवलं.

१८ डिसेंबर

पहाटे कसलातरी आवाज झाला म्हणून उठलो. लिंबाखाली सोनम एकटी. दोरी तिनं बुंध्याला बांधून टाकली होती, त्यामुळं बॉल एकाच उंचीला. ती मनाशी काहीतरी पुटपुटत होती. जवळ गेल्यावर ऐकू आलं: "ड्रायव्हर वर, कंडक्टर सैल. ड्रायव्हर वर, कंडक्टर सैल." शाळकरी पोरं पाढे म्हणतात तसं. मला एकदम भरून आलं. माझं शिकवलेलं जगात कुणी असं पाठ केलं नव्हतं.

मी बुंध्यावरची दोरी सोडली. दोन्ही हातांनी धरली. तिनं मागं वळून बघितलं.

म्हटलं, "त्या दिवशी जास्त बोललो."

"तुमाला कळ लागली हुती, आबा."

"कळ खांद्याला लागली. जिभेला लागली नव्हती." मग विषय बदलायला म्हटलं, "बघ पुढं. कमरेला येतोय बॉल."

हात कमरेपाशीच ठेवला. तीच म्हणाली, आज एवढंच पुरे.

२८ डिसेंबर

तिचं पळणं काही थांबत नव्हतं. हात सुधारले, नजर सुधारली, पण ऋषिराजनं जरा जोरात बॉल टाकला की पाय आपले निघाले बाजूला. मी रात्रभर विचार केला. ही घाबरते म्हणून पळत नाही, हिचा तोलच टाचांवर आहे. टाचांवर उभा राहिलेला माणूस मागंच पडणार. आणि तोल म्हटल्यावर मला माझी अर्धी जिंदगी आठवली.

आज रविवार. फाट्यावरून तिला बारामतीच्या गाडीत घातलं. बसायला जागा होती. म्हटलं, "बसायचं न्हाय. मधी उभी ऱ्हा. दांडा धरायचा न्हाय."

"आबा, लोक बघतील."

"लोकांनी तिकीट काढलंय, बघू दे."

ब्रेक लागला की प्रवासी पडतो. कंडक्टर पडत नाही. एका हातात मशिन, एका हातात सुट्टे पैसे, गाडी खड्ड्यातून चाललेली, आणि त्याचा रुपयाही सांडत नाही. कारण गुडघे सैल, पायांत खांद्याएवढं अंतर, भार पावलाच्या पुढच्या भागावर. आणि डोकं स्थिर, हे सगळ्यात महत्त्वाचं. खालून गाडी हलू दे, डोकं हलता कामा नये. पहिल्या वळणाला सोनम एका आजोबांच्या मांडीवर बसली. दुसऱ्या वळणाला एका पिशवीवर. पिशवीत अंडी होती, त्यावरून थोडी बोलाचाली झाली. शेळगावच्या पुढं मात्र तिला जमायला लागलं. तिच्या शाळेतली दोन पोरं गाडीत चढली आणि मॅडम अशा दोन्ही हात मोकळे सोडून, गुडघे वाकवून का उभ्या आहेत, ते बघत राहिली.

बारामतीत उतरून उसाचा रस प्यायलो आणि परतीच्या गाडीतही तिला उभंच आणलं. संध्याकाळी ऋषिराजनं जोरात बॉल टाकला. तिचा पाय पुढं गेला! बॅट आणि पाय एकमेकांना चिकटलेले, मधून मांजराचं पिल्लू जाणार नाही. बॉल पायाशी मेला. मी एवढा खूश झालो की दोरी, खडू, सगळं सोडून घरात येऊन द्वारकेला सांगितलं. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. सदऱ्याची बटणं तुमी लावलीत का आज?" लावली होती. सदराही मीच घातला होता बहुतेक. घाईत कोण लक्ष देतो?

४ जानेवारी

आज सोडण्याचा धडा. तिला आता इतका हुरूप आलाय की दिसेल त्या बॉलला बॅट लावायला जाते. म्हटलं, "समदे बॉल तुझ्यासाठी नसतात. ऑफ स्टंपच्या बाहेरनं चाललाय, जाऊ दे. बघायचं, वळखायचं आन् हात मागं घ्यायचे. न खेळणं ह्योबी एक शॉटच हाय."

द्वारका शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "हे तुमाला कवा जमलं? तुमी तर कुणाचाबी एक शब्द खाली पडू देत न्हाय."

मी तिला लगेच उत्तर दिलं. काय दिलं ते लिहीत नाही.

भिंतीवरच्या खुणा आता माझ्या टोपीच्या वर गेल्यात. बॉल इतका उसळत असेल तर तो वाइडच देतील, असं मी सोनमला म्हटलं. ती म्हणाली, "असू द्या आबा, तयारी असलेली बरी."

११ जानेवारी

झोप येत नाही, म्हणून आजचं आजच लिहितो.

मॅच बारामतीला. मी, द्वारका आणि इब्राहिम सकाळीच जाऊन लिंबाच्या सावलीची जागा धरली. आठ-आठ ओव्हरची मॅच, जड टेनिस बॉल. बारामतीच्या बायकांनी एकेचाळीस केल्या. त्यांच्यात एक उंच बॉलर होती, लांबून पळत येणारी. तिच्यापुढं आमच्या इंदापूरच्या बायका पोळ्याच्या बैलासारख्या सजून जात आणि तशाच परत येत. ज्या टिकल्या त्या फक्त कॅप्टन सारजाबाई. धिप्पाड बाई, हाणणारी, पण त्यांच्याही बॅटला त्या उंच बॉलरचा बॉल लागत नव्हता.

शेवटची सोनम आत गेली तेव्हा दोन ओव्हर उरलेल्या, सहा रन हवे होते. आणि ओव्हर कुणाची, तर त्या उंच बॉलरची. समोर सोनम. बारामतीच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "आली, पळपुटी आली!" इब्राहिमनं माझा हात धरला.

पहिला बॉल. सोनम उभी राहिली, कशी, तर गुडघे सैल, डोकं स्थिर, जणू गाडी शेळगावच्या वळणावर आहे. पाय पुढं गेला. बॉल पायाशी मेला. दुसरा तसाच. तिसऱ्याला आमच्याच बायका ओरडायला लागल्या, "अगं मार की! सोनम, मार!" ती मारेना. माझा जीव टांगणीला, आणि जिवाच्या आत कुठंतरी मी नुसता सुखात. चौथा बॉल बाहेरून निघाला. तिनं बघितला, ओळखला आणि हात मागं घेतले. अंपायरनं दोन्ही हात पसरले. वाइड, एक रन! न खेळलेल्या बॉलचा रन! बाकीचे बॉलही तिनं तसेच मारून टाकले. म्हणजे जागेवर, पायाशी.

ओव्हर संपली. बॉलर बदलली आणि स्ट्राइक सारजाबाईंकडं आला. त्यांनी पहिल्याच बॉलला चौकार हाणला आणि पुढच्यावर एक धाव घेतली. जिंकलो. सगळ्या बायकांनी सारजाबाईंना उचललं, म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. सारजाबाई त्यांच्या हातून सुटून सोनमकडं धावल्या आणि तिला मिठी मारली. सोनमच्या नावावर शून्य रन. शून्यावर नाबाद. गेल्या वर्षीही शून्यच होतं. पण या शून्यासारखं सुंदर शून्य मी आजवर बघितलं नाही.

येताना सगळी टीम एकाच एसटीत. दंगा, गाणी. मी दाराजवळच्या सीटवर, शेजारी द्वारका. सोनमला जागा होती, पण ती मुद्दाम मधोमध उभी राहिली, दांडा न धरता, आणि माझ्याकडं बघून हसली. कंडक्टर नेमका तोच पोरगा. मागं तिकिटं फाडत होता. वाटेत एका फाट्यावर माणसं चढली आणि तो ओरडला, "मास्तर, डबल!"

दिली. टण टण. गाडी सुटली.

सोनमचा तोल गेला आणि तिनं पटकन दांडा धरला. एवढी प्रॅक्टिस करून पोरीनं दांडा धरला, म्हणून मी तिला बोलणार होतो. तर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला वाटलं, मॅचचा ताण आत्ता उतरला असेल. द्वारकेकडं बघितलं. तिनंही पदर डोळ्यांना लावलेला. इब्राहिम पलीकडच्या सीटवर रुमाल शोधत होता. मी म्हटलं, "जिंकलो ना आपण? मग रडताय कशापायी समदी?"

द्वारका नुसती वर बघत होती. म्हणून मीही वर बघितलं. दोरी अजून माझ्या मुठीत होती, आणि मूठ माझ्या डोक्याच्या वर. उजवी.

ती दोरी अशी धरायची सवय माझ्या हाताला होती. एसटीची सवय जुनी, पण ही ताजी होती. लिंबाखालची. दोन्ही हातांनी धरा आबा, उजवा नुसता संगं जाईल. वाकून, हात लोंबता सोडून. खूण उजव्याच हातानं करा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच. सगळं गाव हसत होतं आणि मी एकटा शोध लावत बसलो होतो!

रागानं तोंड उघडलं. सोनमला झणझणीत काहीतरी ऐकवायचं होतं, शब्दही जिभेवर आला होता. ती डोळे पुसून खिडकीबाहेर बघायला लागली, अगदी त्या पहिल्या दिवशी बघत होती तशी. तेव्हाही तिनं काही बघितलं नाही असं दाखवलं होतं. मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा एक बॉल सोडून दिला.

घरापाशी उतरल्यावर तिला म्हटलं, "सोनम, कप्पी कुरकुरायला लागलीय. सकाळी प्रॅक्टिसच्या आधी तिला तेल सोड."

तिनं वळून बघितलं.

"व्हय, आबा," म्हणाली.